चार मीटरची रेघ

प्रश्न : गाडी घ्यायची म्हणून आम्ही महिनाभर शोरूम पालथी घालत आहोत. हॅचबॅक असो, सेडान असो की उंच एसयूव्ही, माहितीपत्रकात लांबी पाहावी तर ती बहुधा ३,९९० किंवा ३,९९५ मिलिमीटर असते. काही सेडानची डिकी मागून छाटल्यासारखी दिसते. विक्रेते म्हणतात, ‘त्यामुळे कर वाचतो.’ गाडीचा आकार सरकारी करावरून ठरतो हे खरे आहे का, आणि त्यातून कोणत्या कंपन्यांचे फावते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : विक्रेत्यांनी आपल्याला सांगितले ते खरे आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी गाडी म्हणजे लांबी ४,००० मिमीपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या तेव्हा झाली. छोट्या आणि कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांच्या उत्पादनाचे केंद्र भारतात उभे राहावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो माझ्या मते योग्यच होता.

परंतु रेघ आखली की तिच्या अलीकडे येण्याची धडपड सुरू होते. टाटांनी २००८ मध्ये ३,९८८ मिमी लांबीची इंडिगो सीएस आणली. मारुतीची पहिली डिझायर ४,१६० मिमी लांब होती. २०१२ मध्ये तिची नवी आवृत्ती आली ती ३,९९५ मिमीची, आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. आपल्याला जी डिकी छाटल्यासारखी वाटते, तिचे मूळ येथे आहे. त्याच वर्षी महिंद्राने साडेचार मीटरच्या झायलोवरून चार मीटरच्या आतली क्वांटो तयार केली आणि तिला दीड लिटरच्या, म्हणजे १,५०० सीसीच्या, आतले डिझेल इंजिन बसवले.

हा खटाटोप कशासाठी, ते आजच्या दरांनी हिशेब केला की कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के आणि न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे. करापूर्वी ७ लाखांना पडणारी पेट्रोल गाडी ३,९९५ मिमीची असेल, तर करासह ती ८ लाख २६ हजारांना मिळेल. तीच ४,००५ मिमीची झाली, तर ९ लाख ८० हजारांना. एका सेंटिमीटरची किंमत १ लाख ५४ हजार रुपये! एवढी तफावत कोणत्याही कंपनीला कारखान्यातील काटकसरीने भरून काढता येणार नाही.

फावते ते ज्यांची मुख्य विक्रीच छोट्या गाड्यांची आहे त्यांचे. जगभर एकच आराखडा विकणाऱ्या कंपनीला मात्र केवळ आपल्या बाजारासाठी वेगळी गाडी घडवावी लागते. फोक्सवॅगनकडे चाकणच्या कारखान्यात तयार होणारी व्हेंटो ही सेडान होती, पण ती चार मीटरहून लांब. म्हणून कंपनीने पोलोच्या आधारे ३,९९५ मिमीची अमिओ खास भारतासाठी बनवली. २०१६ मध्ये आलेली ही गाडी २०२० पर्यंत बंदही झाली. तिच्या अपयशाचे खापर एकट्या करावर फोडता येणार नाही, पण तिचा जन्म या रेघेमुळेच झाला.

राजकारणाचा भाग असा की, एकदा कारखाने, साचे आणि इंजिने एखाद्या व्याख्येवर बेतली गेली की ती व्याख्या टिकवणे हाच अनेकांचा स्वार्थ होतो. शिवाय जीएसटी परिषदेत केंद्राकडे एक तृतीयांश आणि राज्यांकडे दोन तृतीयांश मतमूल्य असून निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते, त्यामुळे व्याख्या बदलणे सोपे नाही. २०२५ मध्ये दर बदलले, गाड्यांवर जीएसटीशिवाय लागणारा उपकर गेला, पण ४,००० मिमी आणि १,२०० सीसीचे आकडे जागचे हलले नाहीत. राज्येही स्वतंत्रपणे पारडे झुकवू शकतात. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या, गाड्यांचा नोंदणी कर माफ केला. त्याचा लाभ साहजिकच मारुती, टोयोटा आणि होंडा यांच्याकडे वळला, कारण अशा गाड्या त्यांच्याकडे तयार होत्या, तर ज्यांनी विजेवरील गाड्यांत पैसा ओतला होता त्यांच्या हाती त्यातून काही लागले नाही.

मला स्वतःला खटकते ते सवलत देणे नव्हे, तर मोजण्याची पट्टी. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) लावलेले १,२०० सीसीच्या आतले इंजिन भरपूर ताकद देते आणि जोरात हाकले तर इंधनही तसेच खाते, पण कर मात्र कमी भरते. प्रत्यक्ष इंधन किती लागते यावर कर पायरीपायरीने चढत गेला असता, तर अभियंत्यांची बुद्धी बंपर आखूड करण्याऐवजी इंधन वाचवण्यात खर्ची पडली असती.

आपण खरेदी करताना मात्र केवळ लांबीवर भिस्त ठेवू नये. ३,९९५ मिमीच्या गाडीत दीड लिटरचे पेट्रोल इंजिन असेल, तर तिलाही ४० टक्केच कर लागतो. म्हणून माहितीपत्रकात लांबीबरोबर सीसीचा आकडाही अवश्य वाचावा.