टोकियोला निघण्यापूर्वी, कर्करोगाच्या प्रश्नाविषयी

तुम्ही विचारले आहे की जपानी माणसे दीर्घायुषी असतात, तर पतीच्या बदलीमुळे टोकियोला आल्यावर, आईला कर्करोगाने गमावलेल्या तुम्हाला या रोगाची भीती कमी बाळगता येईल का. सतरा वर्षांपूर्वी पुण्याहून निघताना मीही हीच आशा उराशी धरली होती, म्हणून व्हिसा आणि घरभाडे सोडून एवढ्याविषयीच लिहिते.

जपानमध्ये १९८१पासून मृत्यूचे पहिले कारण कर्करोगच आहे. वृद्धांची मोठी संख्या हे त्यामागचे एक कारण आहे, पण सवयींचा वाटाही मोठा आहे. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि जोडीला खारवलेले मासे व लोणची, यांमुळे जठराच्या कर्करोगाने इथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे नेली. मात्र हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत तो घटला आणि मोठ्या आतड्याचा वाढला. स्थलांतराने धोका बदलतो तो असा, नव्या जागी आपण कोणत्या सवयी उचलतो त्याप्रमाणे.

ह्यांनी उचलली ती ऑफिसनंतरची नोमिकाई, म्हणजे सहकाऱ्यांसोबतची पिण्याची बैठक. पहिल्या वर्षी ते इतके एकटे पडले होते की मीच आग्रहाने त्यांना पाठवीत असे. दारूपासून शरीरात होणारे विषारी ॲसिटाल्डिहाइड अनेक जपानी लोकांना जन्मतःच नीट पचवता येत नाही. एका पेल्यात त्यांचा चेहरा लाल होतो आणि तरीही पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. ह्यांचा चेहरा लाल होत नसे, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. त्याच बैठकांत सिगारेट लागली आणि घरी आली.

जपानी साथरोगतज्ज्ञ ताकेशी हिरायामा यांनी स्वतः धूम्रपान न करणाऱ्या सुमारे ९१,००० जपानी पत्नींची १४ वर्षांची नोंद १९८१मध्ये प्रसिद्ध केली. पती जितका अधिक ओढणारा, तितका पत्नीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक, असे तीत दिसले. ते वाचताना मला आमची आठ फूट रुंदीची बैठकीची खोली दिसत होती.

नोकरदाराची वार्षिक तपासणी कंपनी करून घेते, पण गृहिणीला वॉर्ड कचेरीकडून आलेले तपासणीच्या बोलावण्याचे पाकीट स्वतः उघडावे लागते. माझ्या नावात मधोमध पतीचे नाव. पासपोर्टवरचा क्रम आणि विमापत्रावरचा क्रम जुळत नाही म्हणून दोनदा मला खिडकीवरून परत पाठवले. तो अपमान मनात धरून पुढची चार वर्षे मी ती पाकिटे न उघडता खणात टाकली. याचा राग मला अजून येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच असतो. तुम्ही पहिल्याच महिन्यात सर्व कागदांवर नाव एकाच क्रमाने लिहून घ्या, आणि पाकीट वाचता आले नाही तर शेजारणीचे दार वाजवा.

ह्यांनी सिगारेट तीन वर्षांपूर्वी सोडली. हिरायामांची ती नोंद मी वाचली आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.