आधी वय विचार

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. म्यानमारच्या डोंगरांत जाऊन आलीस आणि आता त्या बंडखोर सेनेतल्या पोरांना वीर म्हणावं की बळी, यावर अडून बसली आहेस. नऊ पानं लिहिलीस. त्या पोराचं वय कुठे आहे?

आधी वय विचार. मग बाकीचं.

१९९६ साली मी थायलंडच्या सीमेवरच्या मोए नदीकाठी, कारेन या म्यानमारमधल्या वांशिक गटाच्या बंडखोरांच्या एका तळावर गेलो होतो. त्यांचं मुख्यालय मनेरप्लॉ लष्कराच्या हाती पडून वर्ष उलटलं होतं. तिथे एक पोरगा भेटला. गणवेशाच्या बाह्या चार घड्या घालून वर घेतलेल्या, तरी नाक पुसायला पुरत होत्या. "का लढतोस?" मी विचारलं. दुभाष्या त्याच्याच कमांडरचा माणूस. उत्तर झकास आलं, मी ते झकास छापलं. वय विचारलं नाही. परतीची होडी खोळंबली होती. शिवाय त्यांची बाजू मला न्याय्य वाटत होती, आजही वाटते. १९४९ पासून लढणाऱ्यांना घरबसल्या शहाणपण शिकवणारा मी नव्हे. पण बाजू न्याय्य असली म्हणून पोरगं मोठं होत नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

म्यानमारच्या लष्करानेच फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीची भरती लागू केली, १८ ते ३५ वयाचे मुलगे ती चुकवायला डोंगर गाठतात, असं तू लिहितेस. खरं आहे. कुणी जळलेल्या गावाच्या रागाने जातो, कुणाला 'घरटी एक माणूस द्या' म्हणून नेतात, कुणी दोन वेळच्या भातासाठी राहतो. सगळे एकाच रांगेत, एकाच गणवेशात. त्यातला १५ वर्षांचा कोणता, हे तुझ्या भल्यामोठ्या शब्दांतून कळेल का? सशस्त्र गटांनी १८ च्या आतलं मूल घ्यायचंच नाही, असं २००० सालचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. म्हणून म्हणतो, वय विचार.

थेट विचारलंस तर सगळे १८ च सांगतील. तसं पढवलेलंच असतं. अधिकाऱ्यापासून लांब बस. दुभाष्या आपला ने. शाळा कितवीत सुटली, २०२१ साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा कितवीत होतास, धाकटं भावंड केवढं आहे, असं विचारत जा आणि उत्तरं जुळव. जुळली नाहीत तर त्याला तोंडावर पकडू नकोस, आणि चेहरा किंवा गाव छापू नकोस. शिक्षा त्यालाच होईल, तुला नाही.

लेख आठवडाभर थांबव. वय विचारायचा निरोप तिथे पोचत असेल तर पोचव. नसेल तर सरळ लिही की वय विचारायचं राहिलं. मी तेवढंही लिहिलं नव्हतं.

तुझा,
काका