आकार जुळला म्हणून हुरळू नका

जीवाश्मांचा अभ्यास सुरू करताय आणि सुरुवातच एडियाकरन काळापासून (सुमारे ६३.५ ते ५४ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) करताय, फार छान! पण नुसता आकार पाहून कशालाही प्राणी ठरवू नका.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाचं प्रकरण नीट वाचा. तिथल्या गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनियाचा, म्हणजे एडियाकरन काळातल्या एका चपट्या, मऊ अंगाच्या जीवाचा ठसा सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. लंबगोल आकार, मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना फासळ्यांसारख्या वळ्या, सगळं जुळत होतं. दुसरा गट जागेवर गेला, तर ते जीवाश्म खडकावरून सोलवटून निघत होतं! आग्या माश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते ते. २०२३ मध्ये तसा शोधनिबंध आला आणि पहिल्या गटाच्या प्रमुखांनी चूक मोकळेपणी मान्य केली. मला याचं फार मोल वाटतं.

आता रशियातल्या श्वेत समुद्राकाठचा, सुमारे ५५.८ कोटी वर्षांपूर्वीचा डिकिन्सोनिया बघा. तिथे लहान-मोठे बरेच नमुने आहेत, त्यामुळे वाढ कशी होत होती ते ताडता येतं. २०१८ मध्ये त्याच्या सेंद्रिय पापुद्र्यात कोलेस्टेरॉलचे अवशेष मिळाले. भोवतालच्या थरात मात्र हिरव्या शैवालांच्या खुणा जास्त. कोलेस्टेरॉल ही प्राण्यांची खूण, म्हणून हा पुरावा भक्कम. त्याच काळातल्या किंबरेलासारख्या मऊ अंगाच्या जीवांशी जोडलेल्या, समुद्रतळ खरवडल्याच्या खुणाही माझ्या मते आकारापेक्षा बोलक्या आहेत, कारण त्यात हालचाल दिसते.

बर्जेस शेलबद्दल (कॅनडातला, नंतरच्या कॅम्ब्रियन काळातल्या जीवाश्मांचा प्रसिद्ध खडक) सावकाश वाचा, घाई नाही. आधी प्रत्येक फोटोत ठसा थरातला आहे की वर चिकटलेला, ते पाहायची सवय लावा. शेजारी मोजपट्टी नसेल तर तो फोटो बाजूला ठेवा.