रजिस्ट्रार बदलून वेबसाइट वाचते का?

प्रश्न: मी अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. एका पतसंस्थेत माझ्या आईची आणि आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायकांची ठेव अडकली आहे. मुदत संपून दीड वर्ष झालं. सगळ्यांच्या पावत्या गोळा करून मी वेबसाइट काढली. आता संस्थेच्या वकिलाची मला आणि डोमेन (म्हणजे साइटचं नाव) विकणाऱ्या कंपनीला नोटीस आली आहे: बदनामी केली, 50 लाख द्या, साइट 48 तासांत बंद करा. कंपनीने मेल करून तीन दिवसांत खुलासा मागितला आहे. भाचा म्हणतो, मामा, परदेशातला असा रजिस्ट्रार घेऊ जो कुणाचंच ऐकत नाही, आणि नाव-पत्ता दुसराच टाकू. वकीलसाहेब, कोणता रजिस्ट्रार घ्यावा?

उत्तर: सोलापुरात 'रजिस्ट्रार' म्हटलं की आठवतात सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, नाहीतर खरेदीखताच्या नोंदणीत अख्खा दिवस मोडणारं दुय्यम निबंधक कार्यालय. डोमेनचा रजिस्ट्रारही त्याच जातकुळीतला. तो फक्त नोंद ठेवतो, की अमुक नाव अमुक माणसाचं, अमुक तारखेपर्यंत. तुमचा मजकूर त्याच्याकडे नसतो, होस्टिंगवाल्याकडे असतो. पण नोंद गोठवली की नाव उघडत नाही, म्हणून समोरचा वकील आधी तिथलं दार वाजवतो.

तुम्ही जोडलेली पावती पाहिली आणि खरं सांगतो, नोटिशीपेक्षा मला तिचीच काळजी वाटली. 'ग्राहक' या रकान्यात नाव आहे साइट बनवून देणाऱ्या मुलाचं. ईमेल त्याचा, मोबाइल त्याचा, ओटीपी जाणार त्याच्याकडे. पैसे तुम्ही दिले असतील, पण रजिस्ट्रारच्या दप्तरी तुम्ही कुणीच नाही. संस्थेच्या कुणी उद्या त्या मुलाला चहाला बोलावलं आणि त्याने डोमेन सोडून दिलं, तर तुम्ही कोणत्या तोंडाने तक्रार करणार? तेव्हा आजच त्याला भेटा, खातं स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर करून घ्या, आणि 'हे डोमेन अमुक यांच्यासाठी, त्यांच्या पैशाने घेतलं होतं' असं त्याच्या सहीचं पत्र घ्या. एक लक्षात ठेवा. मालकाचं नाव बदललं की बऱ्याच रजिस्ट्रारकडे 60 दिवस डोमेन दुसरीकडे हलवता येत नाही. तुम्हाला ते हलवायची घाई नसल्यामुळे हे चालेल.

घाई नाही म्हणतो, कारण भाच्याचा बेत मला पटत नाही.

त्यातलं खोटं नाव-पत्ता प्रकरण आधी निकालात काढू. डोमेन जगताची कारभारी संस्था आयकॅन. तिच्या करारानुसार जाणूनबुजून चुकीची माहिती देणं, किंवा माहिती खरी आहे का या रजिस्ट्रारच्या विचारणेला 15 दिवसांत उत्तर न देणं, हे डोमेन बंद करायला पुरेसं कारण आहे. म्हणजे संस्थेच्या वकिलाला बदनामी सिद्ध करायची गरजच उरणार नाही. पत्ता खोटा आहे एवढं कळवलं की त्याचं काम झालं. पडद्याआड राहायचं असेल तर सरळ मार्ग आहे. डॉट कॉम, डॉट ऑर्गसाठी रजिस्ट्रार गोपनीयता सेवा देतात, आणि 2018 पासून खासगी व्यक्तींचे तपशील बहुतेक ठिकाणी एरवीही झाकलेले असतात. पडद्यामागे नाव मात्र खरं हवं. काही परदेशी कंपन्या याच्याही पुढे जातात: डोमेन स्वतःच्या नावावर घेतात आणि तुम्हाला नुसतं वापरायला देतात. जमिनीच्या भाषेत याला बेनामी म्हणतात. त्यात माणसं कशी बुडतात हे सोलापूरकराला मी काय सांगणार!

राहिला 'कुणाचंच ऐकत नाही' असा रजिस्ट्रार. 2008 साली विकिलीक्स या गुपितं फोडणाऱ्या साइटने एका स्विस बँकेच्या केमन बेटांवरच्या शाखेची कागदपत्रं टाकली. बँक कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेली आणि साइटवाल्यांबरोबर तिने त्यांच्या अमेरिकन रजिस्ट्रारलाही प्रतिवादी केलं. रजिस्ट्रारने बँकेशी समझोता केला, न्यायाधीशांनी त्यावर आदेश दिला, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर ते नाव बंद झालं. मजकूर दुसऱ्या पत्त्यांवर तसाच दिसत होता. गदारोळ उठला, 29 फेब्रुवारीला त्याच न्यायाधीशांनी आदेश मागे घेतला आणि पुढच्याच महिन्यात बँकेने दावाही काढून घेतला. यातून मी एवढंच घेतो की रजिस्ट्रार तुमच्यासाठी लढत नाही. वर्षाला हजार-बाराशे रुपये घेणारी कंपनी तुमच्या आईच्या ठेवीसाठी वकील का लावेल?

रजिस्ट्रार परदेशात नेला तरी डॉट कॉमची मूळ वही अमेरिकेत व्हर्जिनियातल्या व्हेरिसाइन कंपनीकडेच राहते. 2012 साली बोडॉग या सट्ट्याच्या साइटचा रजिस्ट्रार कॅनडातला होता. अमेरिकन सरकारने त्याला विचारलंही नाही, थेट व्हेरिसाइनकडून नाव ताब्यात घेतलं. तुमचा मामला असा फौजदारी नाही, पण 'देश बदलला की कायदा चुकला' हा समज यात टिकत नाही. आणि भारत सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली साइट रोखली, तर ती इथल्या इंटरनेट कंपन्यांकडून रोखली जाते. रजिस्ट्रार आइसलँडचा असो की पनामाचा, काही फरक पडत नाही.

मी स्वतः रजिस्ट्रार निवडताना एकच गोष्ट बघेन: उद्या याने अन्याय केला तर मी कुठे उभा राहू शकतो? ज्याचा करार भारतातल्या कंपनीशी होतो तो घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात. करारात लवादाचं कलम असतं, पण त्याने ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात सांगितलं आहे. परदेशी कंपनीविरुद्ध इथून निकाल आणलात तरी तो बजावायला सातासमुद्रापार जावं लागेल. भारतीय कंपन्या नोटिशीला लवकर घाबरतात, हे खरं. म्हणूनच पैसे भरण्याआधी सेवाशर्तींतली 'आमच्या मर्जीनुसार सेवा थांबवू' ही ओळ शोधा. ती जवळपास सगळीकडे असते. थांबवण्याआधी ग्राहकाला कळवू, म्हणणं मांडायला मुदत देऊ, असं जिथे लिहिलं आहे तो बरा. तुमच्या सध्याच्या कंपनीने तीन दिवस दिले आहेत. मला तर ती वाईट वाटत नाही. फक्त होस्टिंग तिच्याकडेच असेल तर ते दुसरीकडे न्या, म्हणजे एकाच नोटिशीत नाव आणि मजकूर दोन्ही जाणार नाहीत.

डॉट इन तुम्हाला घ्यायला सांगणार नाही. त्याचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे आणि तिथे गोपनीयता सेवेला मुभा नाही. शिवाय डोमेनच्या नावावरून भांडण झालं, तर तिथल्या वाद-नियमांत नाव वाईट हेतूने घेतलं 'किंवा' वापरलं, यातलं एक पुरतं. डॉट कॉमच्या नियमांत घेणं आणि वापरणं दोन्ही दाखवावं लागतं. एका शब्दाचा फरक आहे, पण वकिलांची निम्मी कमाई अशाच शब्दांवर होते.

त्यावरून तुमच्या डोमेनचं नाव. ते हुबेहूब संस्थेचं नाव आहे, पुढेमागे काहीच नाही. ही तुमची सगळ्यांत कच्ची बाजू. गुगलवर शोधणाऱ्याला ही संस्थेचीच साइट वाटेल, आणि उद्या लवादासमोर हेच मांडलं जाईल. 'ठेवीदार' किंवा 'पीडित' असा शब्द जोडलेलं नवं नाव आजच घ्या आणि साइट तिकडे न्या. त्या कोपऱ्यातल्या जाहिरातीही काढा. महिन्याला चार-पाचशे मिळत असतील, पण त्यामुळे तुम्ही नावावर धंदा करता असं म्हणायला जागा होते, आणि ग्राहक आयोगातही 'व्यापारी हेतू'चा मुद्दा ओढवतो.

आता कंपनीच्या मेलचं उत्तर. एका पानाचं, शांत भाषेतलं. श्रेया सिंघल निकालात (24 मार्च 2015) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की दुसऱ्याचा मजकूर पोहोचवणाऱ्या कंपनीवर, म्हणजे मध्यस्थावर, मजकूर हटवण्याचं बंधन येतं ते न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारी अधिसूचनेने, खासगी वकिलाच्या पत्राने नव्हे. आणि 5 एप्रिल 2024 पासून आयकॅनने रजिस्ट्रारवर ज्या गैरवापराविरुद्ध कारवाईची सक्ती केली आहे, त्यात फिशिंग, मालवेअर, बॉटनेट असले फसवणुकीचे आणि संगणक बिघडवण्याचे प्रकार येतात. बदनामीचा आरोप येत नाही. हे दोन मुद्दे आणि सोबत चार ठेव पावत्यांच्या प्रती, बस्स. त्यातले खाते क्रमांक काळे करा. साइटवरही ते झाका, आणि पावती टाकायला प्रत्येक ठेवीदाराची लेखी संमती घ्या.

मजकुराबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने पूर्ण नाही. पहिल्या पानावर लाल अक्षरांत 'लुटारूंची टोळी' लुकलुकतं आहे. खाली अध्यक्षांच्या मुलाचा मोबाइल नंबर. नंबर आजच काढा, त्याचं समर्थन मी कुठल्याच कोर्टात करणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद आहे. त्याच कलमाच्या पहिल्या अपवादानुसार विधान खरं आणि लोकहिताचं असेल तर गुन्हा होत नाही. 'लुटारू' हे खरं आहे असं कसं सिद्ध करणार? त्याऐवजी लिहा: 'अमुक क्रमांकाची ठेव, अमुक तारखेला मुदत संपली, तीन अर्ज दिले, रक्कम मिळाली नाही.' हे वाचून जेवढा संताप येतो, तेवढा लाल अक्षरांनी येत नाही. बदल करण्याआधी आत्ताच्या सगळ्या पानांच्या प्रती मात्र जपून ठेवा. नाहीतर पुरावा मिटवला म्हणतील.

पोलीस ठाण्यातून फोन आला तर घाबरू नका. बदनामी अदखलपात्र आहे, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. संस्थेला स्वतः कोर्टात खासगी तक्रार करावी लागेल, आणि दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागेल, अशी नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 मध्ये तरतूद आहे.

खरी भीती आहे ती तुम्हाला न ऐकता मिळवलेल्या मनाई हुकुमाची, कारण तो हातात आला की कोणताही रजिस्ट्रार साइट बंद करेल. त्यासाठी सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, दाखल करा, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 148अ. संस्थेला नोंदणीसह स्पीड पोस्टाने कळवा, पोहोच जपून ठेवा. कॅव्हेट 90 दिवस चालतं. 91 वा दिवस उजाडण्याआधी पुन्हा टाका. सुनावणी झालीच तर ब्लूमबर्ग विरुद्ध झी हा मार्च 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलाला द्या: खटला चालण्याआधीच लेखन रोखणं अपवादानेच करावं. वर जायची वेळ आली तर आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून आपल्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

आणि तो दुसरा रजिस्ट्रार विसरू नका. तुमच्या पत्रात जिल्हा उपनिबंधकांकडे दिलेल्या एकाही अर्जाचा उल्लेख नाही, आर्थिक गुन्हे शाखेकडे ठेवीदार संरक्षण कायदा 1999 खालच्या तक्रारीचाही नाही. दोन्ही अर्ज याच आठवड्यात द्या, आईची आणि गल्लीतल्या बायकांची सही-अंगठा घेऊन, आणि आवक शिक्का मारलेली प्रत 'लुटारूंची टोळी' होतं त्या जागी लावा.