ज्यू नसलेल्या माणसाने शब्बाथच्या प्रार्थनेला जावं का?

तुम्ही विचारलंय की लंडनमधल्या एका लिबरल, म्हणजे उदारमतवादी पंथाच्या, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) मैत्रिणीने शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाची, शनिवारी सकाळची प्रार्थना, जेवण आणि नंतरच्या अभ्यासाला बोलावलंय. ज्यू नसताना गेलं तर चालेल का, आणि तिथे करायचं काय?

खुशाल जा. आणि जेवणाआधी निघू नका, ही माझी खास विनंती. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी, मूळची अलिबागकडची. इथे बरीच वर्षं अशाच एका सिनेगॉगला जाते.

मैत्रिणीला तुमचं नाव आधीच कळवायला सांगा. इथे दारावर पहारा असतो आणि नवीन माणसाची चौकशी होते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आत बायका-पुरुष एकत्र बसतात. मुंबईत माझी आजी वरच्या सज्जात बसायची. इथे बायका तोरा, म्हणजे आमचा मुख्य धर्मग्रंथ, वाचतात, रब्बी म्हणजे धर्मगुरू होतात. लंडनमध्ये हा लिबरल पंथ १९०२ साली सुरू झाला, त्यात लिली मॉन्टेग्यू या बाईंचा पुढाकार होता. आपल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकायला आल्या, हे सगळं पाहून गेल्या आणि १९२५ साली मुंबईत त्यांनी ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली. मला त्याचा फार अभिमान आहे.

प्रार्थना हिब्रू आणि इंग्रजी अशी मिसळून चालते. सगळे उठले की उठा. म्हणायची सक्ती नाही. तोराची गुंडाळी बाहेर काढतात तेव्हा मात्र नीट बघा. चर्मपत्राला बोट लावत नाहीत, टोकाला छोटा हात असलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवतात. अक्षरांना स्वरचिन्हं नसतात, विरामचिन्हंही नसतात. म्हणून वाचणारी आठवडाभर तयारी करून येते, आणि तरी चुकलीच तर शेजारी छापील प्रत घेऊन उभा असलेला माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मग किद्दुश: द्राक्षरसावर आशीर्वाद, आणि कापडाखाली झाकलेल्या दोन हाला, म्हणजे वेणीसारखे विणलेले पाव. तोरातल्या कथेत वाळवंटात भटकणाऱ्या आमच्या पूर्वजांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, शुक्रवारी दुप्पट मिळायचा, म्हणून दोन. जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारी असतं, म्हणजे कोशर (खाण्यापिण्याचे ज्यू नियम) पाळणाऱ्यालाही बसता येतं. काही न्यायचंच असेल तर आधी विचारून न्या.

खरी गंमत त्यानंतर. ताटं बाजूला सारून त्या आठवड्याचा तोरातला उतारा उघडतात आणि जोडीजोडीने वाद घालतात. एकदा अब्राहामाचा उतारा होता: देव भेटायला आलेला असताना तो तीन अनोळखी वाटसरूंकडे धावतो. पाहुण्याचं स्वागत देवाच्या भेटीहूनही मोठं, असं तालमूद, म्हणजे आमच्या जुन्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, यावरून सांगतो. माझ्यासमोरच्या बाईंनी विचारलं, मग त्यांच्यासाठी भाकरी भाजणारी त्याची बायको सारा तंबूतच का राहिली? त्यावर टेबलाभोवती वाद पेटला. ख्रिश्चन नवऱ्यासोबत आलेली बाई, धर्मांतराची तयारी करणारा मुलगा, ऐंशी पार केलेले आजोबा, सगळे एकमेकांना खोडून काढत होते. तुम्हालाही मत विचारतील. बिनधास्त सांगा, उतारा आयुष्यात पहिल्यांदा वाचत असलात तरी.

फोन बंद ठेवा, फोटो काढू नका. शब्बाथला लिहिणं बरेच जण टाळतात, म्हणून वही काढण्याआधी शेजारच्याला विचारा.