जँगोमध्ये (वेबसाइट बनवायचं पायथनचं फ्रेमवर्क) ग्राहक, दुकानदार आणि डिलिव्हरीवाला यांची तीन वेगळी युजर मॉडेल्स करावीत का? आणि मायग्रेट मारून झालं असेल तर?

तीन करू नका. युजर एकच ठेवा आणि त्यात लॉगिनला लागतं तेवढंच ठेवा. मायग्रेट मारून, म्हणजे मॉडेल्सची टेबलं डेटाबेसात तयार करून बसलाय म्हणताय, त्याचं शेवटी सांगतो.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत बसून छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअरं करतो. ही तीन मॉडेल्सची चूक माझ्या हातून झालेली आहे. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाचं काम होतं. शेतकरी गूळ घालतो, सौदा निघतो, खरेदीदार माल उचलतो, दिवाणजी पट्टी (मालाच्या हिशोबाचा कागद) करतात. मी लगेच शेतकरी, खरेदीदार, दिवाणजी अशी तीन मॉडेल्स केली आणि प्रत्येकात मोबाइल नंबर, पासवर्ड घातला. दिसायला एकदम झकास.

मग कागलकडचे एक गृहस्थ आले. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळघर. गूळ घालतातही आणि दुसऱ्यांचा खरेदीही करतात. त्यांची दोन खाती, दोन पासवर्ड. नंबर बदलला तो एका खात्यात, दुसऱ्यात जुनाच राहिला. तेवढ्यात कळलं की दिवाणजी दुपारनंतर शेजारच्या दुकानाचेही हिशोब बघतात. जँगोचं सेशन, परवानग्या, अ‍ॅडमिन, पासवर्ड रीसेट हे सगळं एकाच युजर मॉडेलवर उभं आहे. सेटिंग्जमधल्या ऑथ युजर मॉडेलमध्ये नाव एकच लिहिता येतं. मी त्या यंत्रणेच्या विरुद्ध पोहत होतो.

तुमच्याकडेही हेच होणार. दुकानदार दुसऱ्या दुकानातून सामान मागवेल, डिलिव्हरीचा पोरगा रविवारी ग्राहक असेल. म्हणून भूमिका युजरमध्ये घालू नका. वेगळं 'सदस्यत्व' टेबल करा: कोण (युजर), कुठल्या दुकानात, कुठल्या भूमिकेत, कधीपासून. एका माणसाच्या चार ओळी असल्या तरी चालतं. डिलिव्हरीवाल्याचा गाडी नंबर, दुकानदाराचा जीएसटी नंबर असली माहिती त्या त्या टेबलात, युजरला वन-टू-वन (एकाला एकच) किंवा फॉरेन कीने (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना) जोडून.

मला उशिरा कळलेली गोष्ट पुढची. अडत दुकानाच्या वहीतले निम्म्याहून जास्त शेतकरी कधी लॉगिन करतच नाहीत. घरात फोन एक, तो नातवाच्या हातात. आणि आजोबा, वडील, काका तिघांच्या पट्ट्या वेगळ्या. म्हणजे हिशोब ज्याच्या नावावर आहे तो वेगळा, आणि लॉगिन करणारा वेगळा. आता माझ्याकडे 'खातेदार' हे स्वतंत्र टेबल आहे, पट्टी त्याच्याशी जोडलेली आहे, आणि खातेदार-युजर नातं मेनी-टू-मेनी, म्हणजे एका युजरला अनेक खातेदार आणि उलटही. नातू एकदा लॉगिन करतो आणि तिघांच्या पट्ट्या बघतो. तुमच्या ऑर्डरवरही ऑर्डर देणारा आणि माल घेणारा ही दोन वेगळी नावं येतील, बघा.

नावाचंही तसंच. जँगोच्या तयार युजरमध्ये पहिलं नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. हा फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्सासमधल्या लॉरेन्सच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला, त्यामुळे वडिलांचं नाव कुठे लिहायचं हा प्रश्न त्यांना पडला नसावा. आपल्याकडे नुसतं नाव-आडनाव घातलं तर एका गावात सात पाटील एकसारखे निघतात, आणि तोच माणूस एका पट्टीवर 'बाबासो', दुसरीवर 'बाबासाहेब'. मी पूर्ण नावाचा एकच रकाना ठेवतो, आणि नावावरून माणूस ओळखायच्या भानगडीत पडत नाही.

मोबाइल नंबर आकड्याच्या रकान्यात ठेवू नका, मजकुराच्या रकान्यात ठेवा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत देशाच्या कोडसह जास्तीत जास्त 15 आकडे, वर अधिक चिन्ह. युनिक (एक नंबर एकदाच) करणार असाल आणि नंबर ऐच्छिक असेल तर रिकामा मजकूर साठवू नका, नल (काहीच नाही) साठवा; नाहीतर नंबर नसलेला दुसरा माणूस आला की युनिकची एरर. आणि नंबरला प्रायमरी की (ओळीची कायमची ओळख) करण्याचा मोह टाळा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, आणि तुमच्या ग्राहकाच्या जुन्या ऑर्डरी भलत्याच माणसाला दिसतात. ईमेलवर लॉगिन ठेवलंत तर जँगोचं नॉर्मलाइज ईमेल फक्त @ नंतरचा भाग लहान लिपीत करतं, आधीचा तसाच ठेवतं. जँगो 4.0 पासून लोअर (सगळं लहान लिपीत धरून) वापरून युनिक कन्स्ट्रेंट लावता येतो, तो लावा.

खातं बंद करायचं तर डिलीट नको, इज अ‍ॅक्टिव्ह फॉल्स करा. ऑन डिलीट (मूळ ओळ उडाली तर जोडलेल्या ओळींचं काय करायचं) पूर्वी न लिहिताच कॅस्केड (त्याही उडवा) धरलं जायचं, 2.0 पासून ते लिहावंच लागतं, आणि लोक विचार न करता कॅस्केड लिहितात. पट्टी, ऑर्डर, पावती यांच्या फॉरेन कीवर प्रोटेक्ट (उडवूच देऊ नका) लिहा. पोरानं अ‍ॅडमिनमधून एक खातं उडवलं आणि वर्षाचा हिशोब गेला, असं व्हायला नको.

आता मायग्रेटचं. स्वतःचं युजर मॉडेल करायची सोय 1.5 पासून, म्हणजे 2013 पासून आहे, आणि जँगोवालेच बरीच वर्षं सांगत आले की तयार युजर पुरत असला तरी सुरुवातीलाच स्वतःचं करा. अ‍ॅब्स्ट्रॅक्टयुजरपासून घेऊन आत नुसतं पास लिहिलं तरी पुरे. युजरनेमच नको असेल तर युजरनेम फील्ड बदला आणि मॅनेजरमधलं (युजर तयार करणारा क्लास) क्रिएट युजर, क्रिएट सुपरयुजर दोन्ही पुन्हा लिहा. तुमच्याकडे नुसता चाचणीचा डेटा असेल तर डेटाबेस उडवा, मायग्रेशनच्या फाइली उडवा, नव्याने सुरू करा. अर्ध्या तासाचं काम.

खरी माणसं आत असतील तर मात्र बॅकअप घ्या आणि आधी नकलेवर करून बघा. नवीन मॉडेलच्या मेटामध्ये (मॉडेलच्या आतल्या सेटिंग्जच्या भागात) टेबलाचं नाव जुनंच, ऑथ_युजर, द्या. त्याचं पहिलं मायग्रेशन झालेलं आहे अशी ओळ जँगो_मायग्रेशन्स टेबलात हाताने घालावी लागते, कारण अ‍ॅडमिनचं मायग्रेशन त्यावर अवलंबून असतं आणि ते आधीच होऊन गेलेलं असतं. कंटेंट टाइपच्या (कुठलं मॉडेल कुठल्या अ‍ॅपचं याची नोंद) टेबलातलं अ‍ॅपचं नावही बदला. आणि क्लासचं नाव 'युजर'च ठेवा. मी हौसेनं दुसरं ठेवलं होतं. ग्रुपच्या जोड-टेबलातल्या कॉलमचं नाव क्लासवरून ठरतं, ते जुळेना. मी स्वतः सुपरयुजर, सुपरयुजरच्या परवानग्या जँगो तपासत बसत नाही, त्यामुळे माझ्याकडे सगळं सुरळीत. सकाळी सौद्याच्या वेळी दिवाणजींनी लॉगिन केलं आणि एरर आली, तेव्हा कळलं.