मॅडम, याची गोळी सुटेल कधी?

व्यसनमुक्तीच्या कामात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो पेशंट नाही विचारत, घरचे विचारतात. मागोमाग दुसरा येतोच, की पावडर, म्हणजे ब्राऊन शुगर, सोडली नि तिच्याऐवजी डॉक्टरांनी दिलेली गोळी धरली, मग एक व्यसन जाऊन दुसरंच आलं ना?

एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. मुलगा बत्तीस-तेहतीसचा, यावलकडचा, केळीच्या ट्रकवर आधी क्लिनर मग ड्रायव्हर. केळी उत्तरेला जाते, माल वाटेत पिकायला लागला तर व्यापारी भाव पाडतो, म्हणून गाडी थांबवायची नाही, रात्र रात्र चालवायची. ढाब्यावर कुणीतरी अंगदुखीला म्हणून ट्रामाडोलची, अफूच्याच जातीच्या वेदनाशामकाची, गोळी दिली, तिथून सुरुवात. 2018 मधे ट्रामाडोल एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, मेडिकलवाला चिठ्ठी मागायला लागला, पण तोवर ह्याला दिवसाला दहा-बारा लागत होत्या, मग ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन. दोनदा सेंटरला राहून आला, दोन्ही वेळा घरी आल्यावर महिन्याभरात परत तेच. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं.

ही गोळी गिळायची नाही, जिभेखाली धरायची, विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ बोलायचं नाही, चहा नाही. मेंदूत ब्राऊन शुगर जिथे जाऊन बसते तिथेच ही बसते, पण अर्धवट काम करते, त्यामुळे तलफ दबते, अंग मोडून येत नाही, आणि नेमाने घेणाऱ्याला नशा म्हणावी असं काही होत नाही. गोळीची सवय शरीराला होते हे खरं, ते मी कुणापासून लपवत नाही. पण व्यसन म्हणजे नुसती शरीराची सवय नव्हे, दिवसभर डोक्यात तेवढंच असणं, त्यापायी घर विकणं, खोटं बोलणं, ते व्यसन.

तर ह्याच्या आईने काय केलं, ह्याच्या बहिणीचं लग्न जवळ आलं, पाहुण्यांत चर्चा नको म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी अर्धी करून द्यायला लागल्या. पाकीट त्यांच्याकडेच, ज्वारीच्या कोठीत. दोन-तीन दिवसांनी ह्याला जांभया, नाक गळतंय, पाय ओढतायत, झोप नाही. मला फोन आला, "मना पोऱ्या नाटकं करस मॅडम." हळदीच्या रात्री तो गायब होता.

वाचला. हे मुद्दाम लिहितेय कारण मधे खंड पडलेला माणूस जुन्याच मापाने घ्यायला जातो आणि शरीराला आता तेवढं झेपत नाही, श्वास थांबून जातो.

चूक एकट्या आईची नव्हती, माझीही होती. सहा महिने मी दर भेटीत तेच विचारत होते, घेतली का, तलफ आली का, टेस्ट काय आली. निगेटिव्ह आली की मी खूश. माणूस कसा जगतोय हे विचारलंच नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची एक प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, गरजेपुरते पैसे होते का, नात्यांत समाधान आहे का, असं, 1 ते 5 मधे सांगायचं, 1 म्हणजे सगळ्यात वाईट, ती घेऊन बसले. शारीरिक संबंधांचाही प्रश्न त्यात आहे. तिथे तो अडकला, मग खाली बघत म्हणाला, "ताई, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही." अफूच्या जातीच्या नशेने ती इच्छा मरते, तेव्हापासून बायकोशी अबोला होता आणि ती माहेरी गेली ते सगळे पावडरमुळेच समजत होते. झोप 2, पैसे 1. म्हणे मी ओट्यावर आलो की आई कपाटाची किल्ली कंबरेला लावते, वर्ष झालं हो, मी बघतो ना.

आईला मी किल्ली सोडा असं नाही म्हटलं. त्यांच्या बांगड्या गेल्यात, भीती खोटी नाही. एवढंच ठरवलं की पाकीट डॉक्टरांच्या हिशोबाने चालेल, आणि आठवड्यातून एकदा बाजाराचे पैसे ह्याच्या हातात. लांबच्या गाडीवर परत जायचं नाही, गावातच केळीच्या घडांना कागद लावायचं काम मिळालं, मजुरी कमी पण रात्री घरी. बायको डॉक्टरांकडे एकदा सोबत येऊन गेली, राहायला अजून आली नाहीये.

आणि गोळी कधी सुटणार? तारीख नसते मावशी, असंच सांगते मी. कुणाला वर्ष, कुणाला पाच वर्षं, कुणाला त्याहून जास्त, कमी करायची तर डॉक्टरच हळूहळू करतील, लग्न-बारसं बघून नाही.

परवा हिवाळ्याचं पहिलं भरीत झालं त्यांच्याकडे. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला हाच बसला होता, आईने वांगी, मिरच्या आणायला पाचशेची नोट दिली होती. "उरलेले मागितले नाहीत," मला म्हणाला. मग थोडं थांबून, "मी दिले पण." पैशांसमोर ह्यावेळी 2 लिहिलंय त्याने, झोपेसमोर 4.